मेंदूचा डॉक्टर व्हायचं, पण शिकायचं कोणत्या गावी?



या पत्रिकेत आपण नेहमी वाचता ते लागणीचं, खोडव्याचं, ऊसदराचं आणि वार्षिक सभेचं. या अंकात विषय जरा वेगळा घेतला आहे, पण तो आपल्याच घरातून आमच्याकडे आलेला आहे. पाचोरा आणि शेजारच्या तालुक्यांतल्या शेतकऱ्यांची मुलंमुली आता डॉक्टर होऊ लागली आहेत. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ सालचं. जळगावलाही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चालू झालं. त्यामुळे एम.बी.बी.एस. ही पदवी आपल्या शिवारापर्यंत पोहोचली. पण त्याच्या पुढची वाट फारशी कुणाला ठाऊक नाही, आणि घरच्या मंडळींना तर मुळीच नाही.

आमच्या एका सभासदाची मुलगी एम.डी. मेडिसिन झाली आहे. तिला न्यूरॉलॉजी, म्हणजे मेंदू, मज्जारज्जू आणि नसा यांच्या आजारांचं शास्त्र शिकायचं आहे. परीक्षा झाली, गुणक्रम बरा आला, आणि आता कोणत्या संस्थेला किती नंबरची पसंती द्यायची ती यादी भरायची वेळ आली. घरात तीन मतं. आईचं म्हणणं, जळगाव-नाशिक-पुण्याच्या पलीकडे नको. मामाचं म्हणणं, मोठ्या शहरातलं नाव असलेलं इस्पितळ घे, पुढं प्रॅक्टिस चांगली चालते. चुलतभाऊ म्हणतो, सरळ अमेरिकेचा रस्ता धर. वडील पाच एकरांचे धनी. ते आमच्याकडे येऊन म्हणाले, "भाऊ, बेणं निवडायचं असतं तर मी कुणाला विचारलं नसतं. हे काही उमगत नाही."

तेव्हा या वाटेनं गेलेल्या डॉक्टर मंडळींशी बोलून आणि माहिती गोळा करून आम्ही हा लेख तयार केला. आज एका घराचा प्रश्न आहे, उद्या दहा घरांचा होईल.

साडेअकरा वर्षांचं पीक

आधी हिशेब समजून घेऊ. एम.बी.बी.एस. साडेचार वर्षं, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. मग प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांची एम.डी., मेडिसिनची किंवा बालरोगाची. त्यानंतर पुन्हा परीक्षा आणि तीन वर्षांची डी.एम. न्यूरॉलॉजी. बेरीज साडेअकरा वर्षं, तीही कुठं एक वर्ष वाया गेलं नाही तर. आडसाली उसाला आपण सोळा-अठरा महिने थांबतो आणि तेवढ्यातही जीव वर-खाली होतो. इथं तर बारावीला बसलेलं लेकरू तिशीला टेकतं.

शेवटच्या टप्प्याचे दरवाजे दोन. एक म्हणजे नीट-एसएस ही अखिल भारतीय परीक्षा. तिच्यातून देशभरच्या शासकीय आणि खाजगी महाविद्यालयांतल्या डी.एम.च्या जागा भरतात. राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या डीआरएनबी या पदवीच्या जागाही याच परीक्षेतून मिळतात. त्या बहुतेक मोठ्या रुग्णालयांतून असतात. दुसरा दरवाजा आयएनआय-एसएस या परीक्षेचा. ती दिल्लीची एम्स घेते. एम्स, चंदीगडची पी.जी.आय., पुदुच्चेरीची जिपमर, बंगळूरची निम्हान्स, तिरुअनंतपुरमची श्री चित्रा या राष्ट्रीय संस्थांच्या जागा तिच्यातून भरतात. ज्याला पर्याय खुले ठेवायचे असतील त्यानं दोन्ही परीक्षांचे अर्ज भरावेत.

ही तीन वर्षं नुसतं वर्गात बसण्याची नसतात. निवासी डॉक्टर रुग्णालयातच राहतो. दिवसा वॉर्ड आणि बाह्यरुग्ण विभाग, रात्री इमर्जन्सी. शिकतो आणि राबतोही. म्हणून जागा निवडणं म्हणजे नुसतं कॉलेज निवडणं नाही. तीन वर्षं कुणाच्या हाताखाली, कोणत्या रुग्णांमध्ये आणि कोणत्या गावात काढायची, ते ठरवणं आहे.

आपल्या दारचे मेंदूचे आजार

काही सभासद म्हणतील, हे शहरी आजारांचं शास्त्र, आपल्याला काय त्याचं? तसं मुळीच नाही. लकवा तर घरोघर ठाऊक आहे. बिडी-तंबाखू, रक्तदाब आणि साखर या तिघांनी तो आता पन्नाशीच्या आतल्या माणसालाही गाठतो. फिटचा आजार आहे. आपल्याकडच्या कित्येक फिटांचं मूळ मेंदूत बसलेल्या पट्टकृमीच्या गाठीत असतं. त्याची अंडी घाण पाण्यातून आणि न धुतलेल्या भाजीपाल्यातून पोटात जातात, म्हणून माळकरी माणसालाही तो होतो. क्षयाचा जंतू मेंदूच्या आवरणात शिरला की माणूस पंधरा-वीस दिवस नुसता तापानं आणि डोकेदुखीनं कण्हत राहतो, आणि मग शुद्ध हरपते.

ऊसतोड मजुरांच्या कोपीवर रात्री मण्यार येते. तिचा दंश दुखत नाही, कित्येकदा कळतही नाही. पहाटे पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास थांबू लागतो. अशा माणसाला हालचाल नसते, डोळे उघडत नाहीत, आणि बघणाऱ्याला वाटतं की गेला. पण वेळेवर लस आणि व्हेंटिलेटर मिळाला तर तोच माणूस काही दिवसांनी चालत घरी जातो. फवारणीच्या औषधाचंही तसंच. विषबाधा उतरली असं वाटत असताना एक ते चार दिवसांत मान उचलेनाशी होते आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ साली हा प्रकार नीट ओळखून जगापुढे मांडला. श्रीलंका हाही शेतकऱ्यांचाच देश, म्हणून तिथं तो नजरेला आला.

सांगायचा मुद्दा असा, की आपल्या मुलीला पुढं जे आजार तपासायचे आहेत ते जिथं रोज दारात येतात, तिथं ती शिकली पाहिजे. जागा निवडण्याची पहिली कसोटी हीच.

टनेज पाहू नका, उतारा पाहा

दारात रुग्ण किती येतात हे विचारलंच पाहिजे. पण नुसत्या आकड्यावर भुलू नये. आपल्याला अनुभव आहेच, एखाद्या वाणाचं टनेज मोठं आणि उतारा कमी. दिवसाला दोनशे रुग्ण पाहणारा विभागही तसाच असू शकतो. तिथला निवासी डॉक्टर चिठ्ठ्या लिहून थकतो, आणि निदान का तसं झालं हे त्याला कुणी सांगत नाही. म्हणून पुढचे प्रश्न तिथं शिकत असलेल्या मुलांनाच विचारावेत, कार्यालयात नव्हे.

शिकवणारे पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत आणि ते राऊंडला खाटेशेजारी उभे राहून शिकवतात का? लकव्याचा रुग्ण रात्री दोनला आला तर सी.टी. स्कॅन लगेच होतो का, आणि गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन द्यायचं की नाही हा निर्णय कोण घेतं? मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, म्हणजे ई.ई.जी., आणि नसांची तपासणी निवासी डॉक्टर स्वतःच्या हातानं करतो, की तंत्रज्ञानं करून दिलेल्या रिपोर्टवर नुसती सही करतो? फिटच्या रुग्णांसाठी व्हिडिओ ई.ई.जी. आहे का? न्यूरोसर्जरी आणि रेडिओलॉजी हे विभाग तितकेच मजबूत आहेत का? मागच्या पाच वर्षांत इथून पास झालेले डॉक्टर आज कुठं आणि काय काम करतात? आणि एक प्रश्न लाज न बाळगता विचारावा. आठवड्यात झोप किती मिळते, वरिष्ठ माणसासारखे वागवतात का, मुलींसाठी रात्रीची ड्युटी-रूम सुरक्षित आहे का?

इतकी उत्तरं मिळाली की इमारत किती मजल्यांची आहे याला फार महत्त्व उरत नाही.

मुंबई : गर्दी हीच शाळा

आपल्या भागाला मुंबई जवळची. पाचोरा स्टेशनवरून गाडीनं सुमारे ३७० किलोमीटर, एका रात्रीचा प्रवास. परळचं के.ई.एम. आणि त्याला जोडलेलं १९२६ सालचं सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय, भायखळ्याचं जे.जे. आणि १८४५ सालचं ग्रँट महाविद्यालय, शीवचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, ही नावं आपल्या रुग्णांनाही पाठ आहेत. डॉ. एडी भरूचा यांनी के.ई.एम.मध्ये आणि डॉ. नोशीर वाडिया यांनी १९५७ साली जे.जे.मध्ये या शास्त्राची पायाभरणी केली.

डॉ. वाडियांचं उदाहरण मुद्दाम सांगतो. १९७१ साली मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. डोळे बरे झाल्यावर काही रुग्णांचे पाय पोलिओसारखे लुळे पडू लागले. साथ होती डोळ्यांची आणि रुग्ण येत होते पायाचे, त्यामुळे दोहोंचा संबंध जोडणं सोपं नव्हतं. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जोडला आणि १९७२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. त्याच १९७१ साली त्यांनी एका आनुवंशिक आजाराचं वर्णन केलं. त्यात रुग्णाचा तोल जातो आणि डोळ्यांची हालचाल मंदावते. एकाच घरातल्या पिढ्यान्‌पिढ्यांत तो उतरतो. अशी नऊ कुटुंबं त्यांनी तपासली होती. तेव्हा स्कॅन नव्हते. रुग्णाला नीट विचारणं, नीट पाहणं आणि पाहिलेलं लिहून ठेवणं, एवढ्यावर ते काम झालं. गर्दीच्या सार्वजनिक रुग्णालयात शिकण्याचा फायदा तो हाच. मात्र त्या गर्दीतही नजर शिकवणारा गुरू पाहिजे.

मुंबईचा दुसरा फायदा असा, की भाषा आपली आणि माणसंही आपली. कल्याण-डोंबिवलीला नातेवाईक निघतातच. तोटाही सांगितला पाहिजे. खोली लहान, हॉस्टेलची जागा कमी, आणि पावसाळ्यात लोकल बंद पडली तरी ड्युटी चुकत नाही. पण निवासी डॉक्टरला शहर दिसतंच किती? रुग्णालयाचं फाटक, समोरचा चहावाला आणि आठवड्यातून एखादी संध्याकाळ. म्हणून शहराची निवड करताना चौपाटी मोजू नये. हॉस्टेल आवारातच आहे का, रात्री अकराला जेवण मिळतं का आणि घरी यायला थेट गाडी आहे का, हे आधी मोजावं.

बंगळूर, तिरुअनंतपुरम आणि वेल्लोर

दक्षिणेत मोठ्या शाळा तीन. बंगळूरची निम्हान्स ही संस्था १९७४ साली जुनं मनोरुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था एकत्र करून उभी राहिली. मेंदू आणि मन या दोन्हींचे आजार एकाच आवारात. तिथं मेंदूची पेढी आहे, म्हणजे मृत्यूनंतर दान केलेले मेंदू संशोधनासाठी जतन केले जातात. जिवंतपणी केलेलं निदान बरोबर होतं की चूक, याचा पडताळा अशा ठिकाणी मिळतो. बंगळूरची हवा थंड, आपल्या मे महिन्याची सवय असलेल्या मुलीला तर स्वर्गच. पण शहर महाग आणि वाहतुकीनं कोंडलेलं.

तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेला १९८० साली संसदेच्या कायद्यानं राष्ट्रीय दर्जा मिळाला. औषधांना दाद न देणाऱ्या फिटवर शस्त्रक्रिया करण्याचा कार्यक्रम तिथं १९९५ पासून चालतो. संस्था आकारानं लहान आणि शिस्तीची. ज्याला फिटच्या आजाराचं काम खोलात जाऊन शिकायचं त्यानं ती वर ठेवावी. मात्र पाचोऱ्याहून तिथं जायचं म्हणजे भारताचं टोक गाठायचं. दिवाळीला घरी येणं होईलच असं नाही.

वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज हा तर या लेखातला सगळ्यात मोठा धडा आहे. डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ साली देशातला मेंदूविकारांचा पहिला विभाग सुरू केला, तो मद्रास-कलकत्त्यात नव्हे, वेल्लोरसारख्या लहान शहरात. आज बंगाल, झारखंड आणि ईशान्येकडचे रुग्ण दोन-दोन दिवसांचा प्रवास करून त्या गावी येतात. रुग्णालय चांगलं असलं की लोक लहान गावाचा पत्ता शोधत येतात. जळगाव किंवा धुळ्यात असं होणार नाही, असं कुणी समजू नये.

मुंग्या येतस म्हणजे काय?

भाषेचा मुद्दा पुष्कळजण विसरतात. न्यूरॉलॉजीत अर्धं निदान रुग्णाच्या बोलण्यातून होतं. कुठून सुरू झालं, आधी हात की पाय, एकदम झालं की हळूहळू, शुद्ध गेली की नुसतं डोळ्यांपुढं अंधारलं? आपल्याकडची म्हातारी सांगते, "मुंग्या येतस, डोकं फिरस." डोकं फिरस म्हणजे घर गरगर फिरतं, तोल जातो, की नुसती भोवळ येते? या तीन गोष्टींची कारणं तीन आणि औषधंही वेगळी. हे उकलायला तिची भाषा कळावी लागते.

म्हणून कन्नड, मलयाळम किंवा तमिळ मुलखात शिकायला गेलेल्याला पहिले सहा महिने जड जातात. तो रुग्णाशी परिचारिकेमार्फत बोलतो. हुशार मुलं चार महिन्यांत कामापुरती भाषा शिकतात आणि मग त्यांना एक वेगळाच फायदा होतो. शब्दांवर भरवसा नसल्यानं ती रुग्णाची चाल, चेहरा, हाताची पकड अधिक बारकाईनं पाहायला शिकतात. पण ज्याला आधीच एकटेपणा सोसत नाही त्यानं हा भार विचार करूनच उचलावा.

सातासमुद्रापार

चुलतभावाच्या अमेरिकेचंही पाहू. तिथं न्यूरॉलॉजीचं निवासी शिक्षण चार वर्षांचं, त्यात पहिलं वर्ष मुख्यतः सामान्य मेडिसिनचं. आपल्या इथं एम.डी. झालेल्यालाही तिथं पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. त्यांच्या परीक्षा द्याव्या लागतात आणि संस्थांना अर्ज करून मुलाखती द्याव्या लागतात. मग उमेदवार संस्थांची क्रमवार यादी देतो, संस्था उमेदवारांची देतात, आणि संगणक जोड्या लावतो. निकाल दरवर्षी मार्च महिन्यात. एकदा जोडी लागली की दोघांवर बंधनकारक.

बरेचसे परदेशी डॉक्टर तिथं जे-वन व्हिसावर शिकतात. त्याची अट अशी, की शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परत यायचं. त्यातून सूट मिळवायचा एक प्रचलित मार्ग म्हणजे तिथल्या डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करणं. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा तीस डॉक्टरांची शिफारस करता येते. गंमत पाहा, अमेरिकेसारख्या देशालाही आपल्या खेड्यात डॉक्टर मिळत नाही, आणि ती पोकळी भरायला तो आपल्याकडच्या मुलांना कामाला लावतो. आमचा कुणाला जाण्यास विरोध नाही. फक्त जाणाऱ्यानं आणि त्याच्या घरच्यांनी ही वाट कुठं नेते ते आधी पाहावं.

शुल्क, बॉण्ड आणि पसंतीची यादी

आता पैशाचं. शासकीय संस्थेत शुल्क कमी आणि दरमहा विद्यावेतन मिळतं. खाजगी अभिमत विद्यापीठात वर्षाचं शुल्क लाखांत जातं. जमीन गहाण टाकून अशी जागा घेण्याआधी दहा वेळा विचार करावा. कर्जाच्या ओझ्याखाली निघालेला डॉक्टर पहिल्या दिवसापासून हप्ता मोजतो, आणि मग तो जिल्ह्याच्या गावी परत येईल ही आशा सोडावी लागते.

बहुतेक राज्यांत शासकीय जागेबरोबर बॉण्ड येतो. म्हणजे शिक्षण संपल्यावर ठरावीक काळ सरकारी सेवा, नाही तर मोठा दंड. महाराष्ट्रातही तो आहे. प्रत्येक राज्याची मुदत आणि रक्कम वेगळी, आणि नियम बदलतात. म्हणून शेजाऱ्याच्या मुलानं तीन वर्षांपूर्वी काय सांगितलं त्यावर विसंबू नये. त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचावी आणि बापानंही ती समजून घ्यावी. आपण कारखान्याच्या करारनाम्यावर सही करताना बारीक अक्षरं वाचतो, तसंच हे.

यादी भरताना एक चूक फार घरांत होते. "आपला नंबर तिथं लागणार नाही" असं म्हणून मनातली पहिली जागा खाली टाकतात. तसं करू नये. गुणक्रमाप्रमाणे पाळी आली की संगणक तुमची वरची पसंती आधी पाहतो. ती भरलेली असेल तर खालची पाहतो. वर मोठं नाव टाकल्यानं खालची जागा हुकत नाही. तेव्हा जागा खरोखर हवी त्याच क्रमानं लिहावी, आणि मिळाली तर जायचंच नाही अशी जागा यादीत घालूच नये. कारण नंतरच्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर अनामत रक्कम जाते, आणि पुढच्या परीक्षेलाही अडचण येऊ शकते.

त्या मुलीनं काय केलं? तिनं आधी एका वहीत संस्थांची नावं न लिहिता आपल्याला काय हवं ते लिहिलं. लकव्याचं रात्रंदिवस चालणारं काम, फिटचा चांगला विभाग, विषबाधा आणि सर्पदंशाचे रुग्ण, शिकवणारे वरिष्ठ, आवारातलं हॉस्टेल. शहर सगळ्यात शेवटी. मग एकेका संस्थेला त्या वहीवर घासून पाहिलं. मुंबईची सार्वजनिक रुग्णालयं वर आली. दुसऱ्या दरवाजासाठी तिनं निम्हान्स आणि श्री चित्रा धरल्या. "जवळची" म्हणून जी जागा आईनं सुचवली होती ती खाली गेली.

घरात यावर रुसवेफुगवे झाले. ते मिटवले आजीनं. तीन वर्षांपूर्वी ऐन हंगामात या आजीला लकवा झाला. पहाटे झालं, वाहन मिळून शहरात पोहोचेपर्यंत दुपार टळून गेली, इंजेक्शनची वेळ निघून गेली होती. उजवा हात आजही तिच्या पदराला पोहोचत नाही. डाव्या हातानं नातीच्या डोक्यावरून हात फिरवून ती एवढंच म्हणाली, "जाय बेटा. शिकीसन ये." पुढं आईही काही बोलली नाही. आम्ही हा अंक छपाईला देईपर्यंत जागांचा निकाल लागलेला नव्हता.

शिकून आली, तर कुठं बसेल?

"ये" म्हणणं सोपं आहे. पण न्यूरॉलॉजीचा डॉक्टर दवाखान्याचा एक गाळा आणि स्टेथोस्कोप यावर काम करू शकत नाही. त्याला चोवीस तास सी.टी. स्कॅन लागतो, अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटर, ई.ई.जी., रक्ततपासणी, फिजिओथेरपी आणि हाताशी चांगला फिजिशियन लागतो. म्हणून तो पाचोऱ्यात किंवा भडगावात बसेल अशी अपेक्षा धरणं रास्त नाही. जळगाव किंवा धुळ्यात तो रुजला तरी खानदेशाचं मोठं काम होईल.

आणि तिथं बसूनही तो आपल्यापर्यंत पोहोचू शकतो. हिमाचल प्रदेशात २०१४ पासून असा प्रयोग झाला. जिल्हा रुग्णालयातला फिजिशियन सी.टी. काढतो, मोठ्या रुग्णालयातला न्यूरॉलॉजिस्ट फोनवर ते चित्र पाहून सल्ला देतो, आणि इंजेक्शन तिथंच दिलं जातं. रुग्णाला डोंगर उतरून शिमल्याला न्यावं लागत नाही. डोंगराळ राज्याला हे जमलं, तर सपाट रस्त्यांच्या जळगाव जिल्ह्याला न जमण्याचं कारण नाही. स्कॅनचं मशीन आणि ते रात्री चालवणारा माणूस तालुक्याला मिळावा, ही मागणी आपण पाण्याच्या आवर्तनाच्या मागणीइतक्याच नेटानं लावली पाहिजे. ग्रामसभेत, पंचायत समितीत, लोकप्रतिनिधींपुढे, जिथं आपला आवाज जातो तिथं.

तोवर प्रत्येक घरानं लक्षात ठेवावं

मेंदूतल्या नसेत गुठळी अडकली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनी २००६ साली मांडला आहे. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा उपयोग पहिल्या तीन तासांत होतो, हे १९९५ साली अमेरिकेत सिद्ध झालं. २००८ साली युरोपातल्या अभ्यासानं ती मुदत साडेचार तासांपर्यंत नेली. तारेनं गुठळी ओढून काढण्याचे उपचार काही निवडक रुग्णांत त्यानंतरही करता येतात, पण ते मोठ्या शहरातच.

तेव्हा चार खुणा पाठ करा. तोंड एका बाजूला वाकडं होणं. दोन्ही हात वर करायला सांगितले तर एक हात खाली पडणं. बोबडं किंवा असंबद्ध बोलणं. आणि चौथी खूण घड्याळ. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहा, कारण साडेचार तास तिथूनच मोजतात. झोपेतून उठतानाच लकवा दिसला तर रात्री झोपला ती वेळ धरतात. रुग्णाला पाणी, चहा, गोळी, काहीही तोंडानं देऊ नका; ते श्वासनलिकेत जातं. तेल चोळत, अंगारा लावत, सकाळ होण्याची वाट पाहत बसू नका. १०८ ला फोन करा, किंवा मिळेल त्या वाहनानं जिथं सी.टी. स्कॅन चालू आहे तिथंच न्या. पाचोऱ्याहून जळगाव पन्नास किलोमीटरच्या आत आहे. वेळ रस्त्यात जात नाही, अंगणात जाते.

फिट आली तर तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. माणसाला कुशीवर वळवा, भोवतालची टोकदार वस्तू दूर करा, आणि पाच मिनिटांच्या वर चालली तर दवाखान्यात न्या.

आपल्या गटातल्या ज्या सभासदांची मुलंमुली वैद्यकीय शिक्षण घेत आहेत त्यांनी नावं शेतकी गटकार्यालयात कळवावीत. पुढं गेलेल्या मुलांची आणि मागून येणाऱ्यांची गाठ घालून देता आली, तर यादी भरण्याच्या वेळी एकट्या बापाला दारोदार विचारत फिरावं लागणार नाही. आपला सहकार उसाच्या मोळीपुरता राहू नये, एवढीच आमची विनंती.